सड्याच्या पोटातले पडदे

सडेवाडीचे भाईकाका डोंगराच्या पोटात शिरले ते शाळेच्या व्हरांड्यात, बाकावर बसून, उजव्या हाताच्या अंगठ्याने. नाकावर चष्मा, हातात मोबाइल आणि तोंडाने अखंड धावतं वर्णन.

"हा बघ, आत गेलो... हे बीळ... बिळाच्या आत आणखी बीळ... अरे, ह्याच्या आत पण बीळच! शमे, हा डोंगर हाय की उंदरांची चाळ?"

"काका, अंगठा हळू सरकवा. तुम्ही धावताय," शमिका म्हणाली.

"मी कसला धावतोय! गुडघे धरलेत माझे. हा डोंगरच पळतोय."

सगळा व्हरांडा हसला. शमिकाही हसली. तिला त्या दिवशी पाय जमिनीला लागतायत की नाही, तेच कळत नव्हतं. नववीतली मुलगी. मागच्या वर्षापर्यंत फळ्यापाशी उठवलं की जिचा आवाज घशातच बसायचा, तिने तयार केलेल्या वेबपानावर आज अख्खं करंजवशी गाव फिरत होतं. वरच्या सडेवाडीची माणसं होती, खालच्या वहाळवाडीची होती, आणि ज्याच्या त्याच्या तळहातावर तोच सडा होता.

सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. वरून बघाल तर तवा. जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार, पाय भाजणारं, पाण्याचा टिपूस नसलेलं. पण जांभा आतून भरीव नसतो. पाणी लाखो वर्षं त्यातून झिरपत, त्याला पोखरत गेलेलं असतं. अलीकडेच शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं, की हे पोखरणं वाटेल तसं होत नाही. त्याला एक नियम आहे आणि तोच नियम पुन्हा पुन्हा लागतो. मोठ्या पोकळीच्या भिंतीत तशाच लहान पोकळ्या, त्यांच्या भिंतीत आणखी लहान. फ्लॉवरचा एक तुरा मोडून हातात घेतला, की तो तुराच एक छोटा फ्लॉवर दिसतो ना, तसं. अशा आकाराला फ्रॅक्टल म्हणतात. त्याची मजा अशी, की एवढा मोठा डोंगर सांगायला एक सूत्र आणि डझनभर आकडे पुरतात. सूत्र सगळ्या सड्यांचं एकच. आकडे मात्र ज्या त्या सड्याचे.

करंजवशीच्या सड्याचे आकडे शाळेतल्या पोरांनीच मिळवले होते. विज्ञानाच्या गुरव सरांनी दिवाळीच्या सुट्टीत घराघरांतून जुने मोबाइल गोळा केले, ते कातळावर ठिकठिकाणी ठेवले आणि आळीपाळीने घण मारायला लावला. ठोक्याचा आवाज खाली जायचा, पोकळ्यांना आपटून परत यायचा, मोबाइल तो ऐकायचे. एका संशोधन संस्थेच्या मोठ्या कॉम्प्युटरने तसेच पडसाद उमटवणारे आकडे शोधून पाठवले. इतके थोडे आकडे, की ते शमिकाच्या वेबपानाच्या लिंकच्या शेपटीलाच मावले. लिंक उघडली की ब्राउझर त्या आकड्यांवरून सडा तिथल्या तिथे घडवणार. कुठेच काही साठवलेलं नाही. तुम्ही बघाल तेवढाच डोंगर, आणि बघाल तेव्हाच.

घडवायचं काम किरण करतात. स्क्रीनच्या प्रत्येक ठिपक्यातून एक किरण आत सोडायचा. किरण बिचारा आंधळा. पण सूत्र त्याला एक गोष्ट सांगू शकतं: तू उभा आहेस तिथून निदान इतक्या अंतरात दगड नाही. किरणाने तेवढंच पाऊल टाकायचं, पुन्हा विचारायचं, पुन्हा टाकायचं. दगड जवळ आला की पावलं लहान होत जातात आणि शेवटी किरण दगडाला टेकतो. आंधळी कोशिंबीर खेळताना एखादी मैत्रीण कानात खरं खरं सांगत राहिली, तर आपण जसे न धडपडता भिंतीपर्यंत पोचू, तसंच.

पण असे लाखो किरण आणि प्रत्येकाची शेकडो पावलं. गावातले मोबाइल तापायचे, चित्र अडकायचं. मग शमिकाने एक युक्ती केली. सूत्र सांगेल त्याच्या दुप्पट पाऊल टाकायचं! अर्ध्या वेळात काम. सडा लोण्यासारखा फिरायला लागला. हवेत कुठे कुठे करडे ठिपके तरंगताना दिसायचे, पण तिकडे कोण लक्ष देतो. शमिकाने त्यांचं नाव धूळ ठेवलं होतं.

आणि सड्याच्या मधोमध एक दालन होतं. केवढं म्हणजे केवढं! शाळा, देऊळ आणि दोन्ही वाड्यांची घरं आत ठेवली तरी जागा उरेल असं. वहाळवाडीचा झरा त्याच दालनातून बाहेर पडत होता, म्हणजे झऱ्याच्या तोंडाच्या उंचीपर्यंत आत पाणी असणार. किती, तेही शमिकाने त्याच किरणांकडून मोजून घेतलं होतं आणि निळ्या रंगात भरलं होतं.

सरपंच रेवाळे तात्या खुर्चीवरून उठले. "सडेवाडीची बोअर मंजूर होऊन पडली हाय. अडलं होतं कुठे? वहाळवाडीला भीती, की आमचा झरा आटेल. आता बघितलंत? समुद्र हाय आत. काय मांडवकर, हरकत?"

वहाळवाडीच्या मांडवकरांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, आणि मान हलवली. "एवढं पाणी असेल तर आम्ही कशाला आडवे येऊ? खणा."

त्यांची मुलगी कस्तुरी शमिकाच्याच वर्गातली, बालवाडीपासूनची जोडीदारीण. ती मागून ओरडली, "शमे, पार्टी!"

दालन जिथे सगळ्यात खोल दिसत होतं, तिथे बोअर मारायची, असं ठरलं.

*

घरी आई कुळीथ पाखडत बसली होती. शमिकाने चपला काढायच्या आधीच बातमी सांगितली. आईचं सूप थांबलं.

"मांडवकर हो म्हणाले? तोंडाने?"

"तोंडाने. सगळ्यांसमोर."

आईने सूप खाली ठेवलं.

सडेवाडीच्या विहिरी होळीपर्यंत तळ दाखवतात. मग बायका हंडे घेऊन पाखाडी उतरतात. पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची उतरण, डोक्यावर भरलेला हंडा असला की तीच छातीवर येणारी चढण. खाली वहाळवाडीचा झरा. तोही तेव्हा करंगळीएवढा झालेला. गेल्या वैशाखात दर्शना, म्हणजे शमिकाची आई, त्या पाखाडीवर घसरली. पोटात सातव्या महिन्याचं बाळ होतं. हंडा गडगडत खाली गेला त्याचा आवाज दोन्ही वाड्यांनी ऐकला. बाळ राहिलं नाही. बाबा बंदरावर, ट्रॉलरवर कामाला. ते चार दिवस येऊन परत गेले. आणि आई लवकरच पुन्हा त्याच पाखाडीवर हंडा घेऊन दिसायला लागली. बाळाबद्दल त्या घरात कोणी बोलत नसे. बोअरबद्दल मात्र आई रोज बोलायची. तालुक्याला खेपा घालणारी तीच, वाडीतल्या बायकांना गोळा करून साहेबांसमोर उभी करणारी तीच.

"बोअर लागली की पहिली बादली मी अंगणात ओतणार," आई म्हणाली. "काही धुवायला नाय, शिंपायला नाय. नुसती ओतणार."

तिने शमिकाचा हात धरून तिला जवळ बसवलं. बऱ्याच महिन्यांनी.

*

बोअरची गाडी यायला अजून अवकाश होता, तोवर पाणी खालूनच आणायचं होतं. दुसऱ्या दिवशी शमिका झऱ्यावर गेली तेव्हा वहाळवाडीच्या पाच-सहा जणी कळश्या घेऊन उभ्या होत्या. तिला बघताच त्या बाजूला सरल्या. तिथली रीतच ती. वरच्या वाडीचा हंडा आधी भरायचा, कारण त्यांना चढायचं असतं. कुणी ठरवली, कधी ठरवली, कोणाला ठाऊक नाही. पण पाणी कितीही बारीक झालं तरी ती मोडलेली शमिकाने पाहिली नव्हती.

हंडा लावून ती आणि कस्तुरी दगडावर बसल्या. हंडा भरायला आता चांगलाच वेळ लागायचा.

"दाखव ना, आमचा झरा आतून कसा दिसतो," कस्तुरी म्हणाली. "चल, बाहेरून आत जाऊ."

शमिकाने झऱ्याच्या तोंडातून दृश्य आत नेलं. अरुंद वाट, मग एकदम ते दालन.

"बापरे. आणि हे काय लटकतंय हवेत? हे ठिपके?"

"धूळ आहे ती. चित्रातली."

"पाण्यात धूळ? काच पूस तुझी." कस्तुरीने ओढणीने स्क्रीन खसाखसा पुसली. ठिपके तिथेच. तिने मोबाइल डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला. "शमे, धूळ अशी रांगेत बसते होय? बघ ना. रांग हाय ही. इथून वर जाते, इथून खाली. जशी काय भिंत उभी करायची होती आणि गवंडी अर्ध्यात पळाला."

"तू ना, काहीही बघतेस."

"मी जे हाय तेच बघते. नाव तू ठेवतेस."

शमिका हसली, पण हंडा डोक्यावर घेऊन पाखाडी चढताना तिला ती रांग सारखी दिसत राहिली. सूत्र सांगतं, इतक्या अंतरात दगड नाही. मी दुप्पट पुढे जाते. आणि त्या दुपटीच्या मध्येच दगड असला तर? जाड दगड असेल तर किरण आत रुततो, कळतं तरी. पण पातळ असेल तर? इकडून तिकडे. उडी मारून. त्याला कळणारही नाही, की आपण भिंत ओलांडून आलो. शंभरातला एखादा किरण नेमका भिंतीवर पाय ठेवेल, आणि तेवढाच एक करडा ठिपका दिसेल.

मधल्या सुट्टीत ती शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एकटीच बसली. गुरव सर जनगणनेच्या कामावर तालुक्याला गेले होते. तिने दुप्पट काढून टाकलं. मग सूत्र सांगेल त्याच्याही निम्मं पाऊल टाकायला लावलं, आणि वाट बघत राहिली.

चित्र वरून खाली, एकेक ओळ करत उतरायला लागलं. आधी दालनाचं छत. छतापासून काहीतरी खाली यायला लागलं. पडदे. दगडाचे पडदे, भाकरीच्या पापुद्र्याइतके पातळ, एकामागे एक. त्यांना घड्या, घड्यांना बारीक घड्या, आणि जवळ जावं तसतशी प्रत्येक घडीत नवी जाळी उमलत होती. जगातल्या कुठल्याही माणसाने न पाहिलेली खोली एवढ्याशा स्क्रीनवर तिच्यासाठी उघडत होती. इतकं सुंदर तिने आजवर काही पाहिलंच नव्हतं. क्षणभर ती सगळं विसरली. बोअर विसरली, हंडा विसरली.

मग चित्र तळाशी पोचलं आणि तिला कळलं, की दालन नाहीच आहे. होतं ते सोललेल्या डाळिंबासारखं. कप्पे, नि कप्प्यांना पडदे. निळा रंग तिने पुन्हा भरायला लावला. तो झऱ्याला लागून असलेल्या एकाच कप्प्यात उतरला आणि थांबला. बाकीचे कप्पे बंद. घणाचे पडसाद तिने परत ऐकले; तिथून येणारा आवाज कोरडा होता. समुद्र नव्हता, मोठं तळंही नव्हतं. होती एक लहानशी पाण्याची कोठी, जी उन्हाळाभर थेंब थेंब करून झरा चालवत होती.

बोअरची जागा तिने त्यावर ठेवून पाहिली. नेमकी त्या कोठीच्या तळाशी. म्हणजे बोअरला पाणी लागणार होतं. सडेवाडीला पाणी मिळणार होतं. फक्त ते झऱ्याचं होतं, आणि तळातून उपसलं की झऱ्याच्या तोंडापर्यंत चढणार नव्हतं.

तिने आकडे तपासले. पाऊल आणखी लहान करून पाहिलं. पडदे हलले नाहीत.

*

"कोणाला सांगितलंस?" आईने विचारलं.

"कोणालाच नाही. पहिलं तुलाच."

आई चुलीसमोर होती. तिने भाकरी उलटली. "आपल्याला पाणी लागेल ना?"

"लागेल."

"नक्की?"

"नक्की. पण आई, त्यांचा झरा..."

"झरे आटतात गो. आपल्या मागच्या दारचा आटला, कोणी विचारायला आलं? पन्नास वर्षं आम्ही चढतोय. माझी सासू चढली, मी चढले. आता थोडे दिवस त्यांनी चढावं."

"त्यांनी हो म्हटलं ते माझं चित्र बघून."

"मग चित्र तुझं हाय. तू गप्प बस. कोणाला कळणार हाय तुझ्याशिवाय?"

ते खरंच होतं. लिंक तीच, आकडे तेच. भिंती लपवायला काही खोटं करावं लागणार नव्हतं. फक्त पाऊल मोठं ठेवायचं. उन्हाळ्यात झरा आटला असता, लोक म्हणाले असते, वर्षच वाईट.

भाकरी करपल्याचा वास आला. आईने ती काढली नाही.

"शमे," ती तव्याकडे बघतच म्हणाली, "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाय."

*

बोअरची गाडी आली त्या सकाळी दोन्ही वाड्या सड्यावर जमल्या. गाडीला झेंडूची माळ घातली होती. आई हळद-कुंकवाचं ताट घेऊन बायकांच्या पुढे उभी होती, नवी साडी नेसून. तात्यांनी जाहीर केलं, की नारळ शमिकाच्या हातून फुटणार. "आपल्या पोरीने जागा दाखवली, मान तिचा." टाळ्या पडल्या. भाईकाकांनी नारळ तिच्या हातात ठेवला. "एका फटक्यात फोड हां, नायतर म्हणतील सडेवाडीच्या पोरीला खायला घालत नायत."

पण नारळाआधी गाऱ्हाणं. कुठलंही काम काढायचं तर आधी गावदेवाच्या कानावर घालायचं आणि सगळ्यांनी होकार भरायचा. गावचे मानकरी आग्रेआजोबा काठी टेकत पुढे आले. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले.

"बा देवा गावदेवा महाराजा! आज तुझी दोन्ही वाड्यांची लेकरं सड्यावर गोळा झालेली हायत!"

"होय महाराजा!" सड्यावर एकच आवाज घुमला.

"वरच्यांच्या दारात पाणी येऊ दे, खालच्यांच्या दारातलं राहू दे!"

"होय महाराजा!"

शमिकाच्या शेजारी कस्तुरी उभी होती. ती सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती.

"कोणाच्या हातून कोणाच्या तोंडचं पाणी काढलं जाऊ नये! कोणाच्या मनात काही असेल तर ते तुझ्यासमोर येऊ दे!"

"होय महाराजा!"

सगळे म्हणाले. शमिकाच्या तोंडातून शब्द आला नाही. तिने प्रयत्न केला, अगदी खरा प्रयत्न केला. तिने आईकडे पाहिलं. आई तिच्याकडेच बघत होती. आईनेही होय म्हटलं नव्हतं, हे शमिकाला तिच्या ओठांवरून कळलं.

"फोड नारळ," तात्या म्हणाले.

"नाही फोडत," शमिका म्हणाली.

"अगो, हाताला जोर नाय काय?"

"तात्या, माझं चित्र चुकलं आहे."

आणि मग तिने सांगितलं. सुरुवातीला बारीक आवाजात, मग लोक "मोठ्याने, मोठ्याने" म्हणायला लागले तसं मोठ्याने. दुप्पट पाऊल सांगितलं, पडदे सांगितले, कोठी सांगितली. गलका उठला.

"परवा समुद्र हाय म्हणालीस," भाईकाका लाल झाले होते, "आज डबकं हाय म्हणतेस. उद्या काय, डोंगरच नाय म्हणशील?"

"बघा तरी."

शाळेचा टॅब तिने दप्तरातून आणला होता. का आणला होता, ते तिने सकाळी स्वतःलाही विचारलं नव्हतं. चित्र हळूहळूच उतरलं. दोन्ही वाड्या भर उन्हात, एकमेकांच्या खांद्यावरून वाकून, एकेक ओळ उतरताना बघत राहिल्या. पडदे खाली आले. तळाशी तेवढासा निळा तुकडा.

"एवढंच?" कोणीतरी विचारलं.

"एवढंच."

बोअरच्या गाडीवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. "साहेब, चालू करू की जाऊ? डिझेल जळतंय."

मांडवकर पुढे आले. "तात्या, आमचा होकार त्या चित्राला होता. चित्र बदललं."

"होकार गेला तरी मंजुरी हाय," भाईकाका म्हणाले. "पाणी लागणार, असं पोरगीच सांगते. कोणाचं ते जमिनीखाली लिहिलेलं नाय."

तात्यांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. "हात बघू. खणायचं म्हणणाऱ्यांनी वर करा."

सडेवाडीची माणसं जास्त. सगळ्यांनी हात वर केले तर बोअर होणार, हे उघड होतं. भाईकाकांचा हात सगळ्यांत आधी गेला. मग पुरुषांचे. मग बायकांचे अर्धेमुर्धे, कोपरापर्यंत, कारण त्या बघत होत्या दर्शनाकडे. बोअर तिची होती. खेपा तिच्या होत्या.

आईच्या दोन्ही हातांत ताट होतं. तिने वाकून ते कातळावर ठेवलं. सरळ उभी राहिली. पदर खांद्यावर ओढून घेतला. हात परत खाली आले आणि तिथेच राहिले.

वाऱ्याने ताटातली हळद थोडी उडाली. मग मागच्या एका बाईने हात खाली घेतला. तिच्या शेजारणीने घेतला. तात्यांनी मोजायला सुरुवात केली, मधेच थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि खाकरले.

"जा बाबा," ते गाडीवाल्याला म्हणाले.

माळेसकट गाडी सड्यावरून उतरायला लागली. लोक पांगले. सडेवाडीचं कोणी शमिकाशी बोललं नाही. भाईकाकांनी तिच्या हातातला नारळ काढून घेतला आणि न बघताच गेले.

कस्तुरी मात्र जागची हलली नव्हती.

"कधी कळलं तुला?"

"सोमवारी."

"मंगळवारी तू आमच्याकडे पाणी भरलंस. बुधवारी पण. मी तुझा हंडा उचलून दिला."

"हो."

कस्तुरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता, आणि त्यातलं आधी काय बाहेर काढावं हे तिचं ठरत नव्हतं. "सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली, आणि वडिलांच्या मागे निघून गेली. वळली नाही.

शमिका आणि आई घराकडे चालू लागल्या. कातळ तापला होता. आई पुढे, शमिका दोन पावलं मागे. नव्या साडीचा काठ धुळीत घासत होता आणि आई तो उचलत नव्हती. शमिकाला वाटलं, आता आई थांबेल, वळेल, काहीतरी बोलेल, ओरडेल तरी. आई चालत राहिली. वाडीतलं पहिलं घर आलं, दुसरं आलं. दारात उभ्या बायका आत गेल्या.

शेवटी शमिकाच पुढे झाली. "आई, तू हात..."

"खांदा दुखतोय सकाळपासून," आई म्हणाली. "उचलवला नाय."

"हं."

"उगाच दुसरं काही समजू नको."

"नाही समजत." शमिकाने थोडं थांबून विचारलं, "घरी गेल्यावर बाम लावून देऊ?"

अंगण आलं. आईने कडी काढली, दार ढकललं, आणि उंबऱ्यावर पाय ठेवता ठेवता थांबली.

"लाव," ती म्हणाली. "दोन्ही खांद्यांना लाव."